अंगणवाडी की खासगी नर्सरी? सोलापुरात ऑटिझम असलेल्या मुलाची पहिली शाळा निवडताना

पोरगं तीन वर्षांचं झालं की सोलापुरात जो भेटेल तो विचारतो, "कुठं घातलं मग?" आमच्याकडं हा प्रश्न सुरू झाला तेव्हा निदानाचा कागद हातात येऊन दोनच महिने झाले होते. सासूबाईंचं म्हणणं, चांगल्या इंग्लिश नर्सरीत घाल, पोरांत राहिला की बोलेल. नवऱ्याचं म्हणणं, वर्षभर घरीच ठेवू. मी दोघांपुढं मान डोलावली आणि पुढचे सहा आठवडे रिक्षा करून अकरा ठिकाणं पालथी घातली. विजापूर रोडच्या बंगल्यातल्या नर्सऱ्या पाहिल्या, आमच्या गल्लीतली अंगणवाडी पाहिली, अशोक चौकाकडची एक शाळाही पाहिली. त्या पायपिटीतून जे कळलं ते ज्या क्रमानं करायला हवं होतं त्या क्रमानं लिहितेय. मी स्वतः उलट्या क्रमानं केलं आणि त्यात एक प्रवेश फी घालवली.

माझं मत आधीच सांगते. खासगी का सरकारी हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, वर्गातल्या बाई कोण आहेत आणि त्यांच्यापुढं पोरं किती बसतात. पण दुसरा प्रश्नही सोडून चालत नाही, कारण पैसा किती जाणार आणि भांडायची वेळ आली तर कायदा कुठवर पाठीशी राहणार, हे त्यावर ठरतं.

आधी एक पान लिहा

शाळा बघायला निघण्याआधी वहीचं एक पान घ्या आणि आपल्या लेकराबद्दल लिहा. फाइलमधले "सौम्य ते मध्यम" वगैरे शब्द नकोत, रोजचं लिहा. कोणता आवाज सहन होत नाही? भूक लागली, शू आली, तर कसं सांगतो? काय खातो, कशाला हात लावत नाही? घाबरला की पळतो, चावतो, की टेबलाखाली जाऊन बसतो? शांत कशानं होतो?

आमच्या पानावर लिहिलं होतं: मिक्सर सुरू झाला की कान दाबून धरतो, पण मामाकडं गेल्यावर मागाच्या खटखटीत गाढ झोपतो. हे वाचून एका नर्सरीच्या मॅडम म्हणाल्या, "म्हणजे आवाजाचा प्रॉब्लेम नाहीच." दुसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "एकसारखा आवाज चालतो, अचानकचा चालत नाही, असं का?" कुठं घालायचं ते मला तिथंच निम्मं कळलं होतं.

या पानाच्या चार झेरॉक्स काढा. जिथं जाल तिथं द्या, आणि दिल्यावर कोण वाचतं, कोण घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकतं, ते बघा.

कागदपत्रं: शाळेच्या आधी सिव्हिल

निदान अजून पक्कं नसेल तर शाळा शोधताना तेही सुरू ठेवा, एकासाठी दुसरं थांबवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचं आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं आणि मुलांना पुढं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडं, पाठवतं. तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. बालरोग विभागात चौकशी केली की पुढची वाट कळते. सकाळी लवकर जा, डबा न्या आणि लेकराच्या आवडीची एक वस्तू खिशात ठेवा. केसपेपरच्या रांगेतच निम्मी मुलं बिथरतात. जमलं तर एकानं रांगेत उभं राहावं, दुसऱ्यानं मुलाला बाहेर झाडाखाली फिरवावं.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करायचा असतो. त्यातूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र, निघतं. ऑटिझम मोजायला आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे आहेत आणि गुण 40 ते 200 मध्ये येतात. 70 च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढं तीव्र. तपासणीच्या दिवशी मूल झोपेतून उठून शहाण्यासारखं बसलं तर गुण फसवे येऊ शकतात. म्हणून घरातले दोन-तीन व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. लहान वयात प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं मिळतं. मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पुष्कळ आईबाप हा कागद काढायला कचरतात. शिक्का बसेल म्हणतात. मीही पाच महिने काढला नाही. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे, आणि बहुतेक सवलती किमान 40 टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला लागूनच मिळतात. कागद कपाटात असला म्हणून तो दरवेळी दाखवलाच पाहिजे असं नाही. नसला तर मात्र दाखवायची वेळ आल्यावर हात चोळत बसावं लागतं.

अंगणवाडीत खरं काय मिळतं

एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. अंगणवाड्या तिच्यातल्याच. 3 ते 6 वर्षांच्या मुलांना पूर्वशालेय शिक्षण, गरम ताजा आहार, वजन-उंचीची नोंद, सगळं फुकट. 28 नोव्हेंबर 2023 ला केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढला. मुलाच्या वाढीतला फरक लवकर ओळखणं, त्याला इतर मुलांबरोबर सामावून घेणं आणि गरज पडली तर आशाताई व आरोग्य पथकामार्फत पुढं पाठवणं, असा त्याचा गाभा आहे. म्हणजे "असली मुलं आमच्याकडं घेत नाही" असं म्हणायची अंगणवाडीला सोय नाही. कुणी म्हटलंच तर या प्रोटोकॉलचं नाव घ्या आणि पर्यवेक्षिकाबाईंना भेटा.

अंगणवाडीतली मला दिसलेली मोठी जमेची बाजू म्हणजे ती दोन गल्ल्यांवर असते. चालत नेता येतं, रडला तर दहा मिनिटांत परत आणता येतं आणि तिथली पोरं संध्याकाळी त्याच गल्लीत खेळतात. शिवाय तीन वर्षांच्या पोराला रेघेत ए-बी-सी गिरवायला लावत नाहीत. गाणी, गोष्टी, मणी, ठोकळे. आपल्या मुलांना हेच हवं असतं.

उणी बाजूही तेवढीच खरी. एक सेविका, एक मदतनीस. त्यात मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायचा, पोलिओचा रविवार, सर्व्हे, कधी मतदार यादीचं काम. बाई मनानं कितीही चांगल्या असल्या तरी डोळे चारच. दार रस्त्यावर उघडत असेल आणि तुमचं मूल पळणारं असेल तर हा एकच मुद्दा पुरेसा आहे. दाराला वर कडी आहे का बघा. छत पत्र्याचं आहे का बघा, कारण मार्च संपला की सोलापुरात पत्र्याखाली मोठी माणसंही टिकत नाहीत. संडासात पाणी असतं का विचारा. आपल्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि शू-शी शिकत असलेल्या पोराला कोरडा संडास दाखवला की महिन्याची मेहनत वाया जाते.

खाण्याचं आधीच बोलून घ्या. खिचडी मऊ लागली म्हणून थुंकणारं मूल हट्टी नसतं, त्याला तो स्पर्श सोसत नाही. "ताटलीत बाजूला ठेवा, भरवू नका, घरचा कडक भाकरीचा तुकडा मी देते," एवढं मी सांगितलं आणि ते चाललं.

पहिलीच्या वेळी महापालिकेच्या शाळांचाही विचार करा. त्या मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा माध्यमांत आहेत, आणि समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षकांची मदत सरकारी शाळेतल्या दिव्यांग मुलांना मागता येते. तो विशेष शिक्षक किती दिवसांनी येतो, हे मुख्याध्यापकांना विचारा, आणि पालकांनाही.

खासगी नर्सरीत काय विकत मिळतं

खासगीत तीन गोष्टी विकत मिळू शकतात. कमी पट, बंद आवार आणि रोज त्याच वेळी तेच होणारं वेळापत्रक. मिळू शकतात म्हणाले, मिळतातच असं नाही. मी पाहिलेल्या एका नर्सरीत माहितीपत्रकावर बारा मुलं छापली होती. प्रत्यक्षात मी सत्तावीस चपला मोजल्या. मोजायचं असेल तर दाराबाहेरच्या चपला मोजा, त्या खोटं बोलत नाहीत.

भिंतीवर कार्टून, छताला लोंबणारे कागदी पक्षी, प्रार्थनेला स्पीकर. हे बघून पालक हरखतात आणि आपलं पोर पहिल्या पाच मिनिटांत कान दाबतं. त्यापेक्षा साधी पांढरी भिंत असलेली खोली बरी.

शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त आपल्याच मुलाजवळ बसणारा माणूस, घ्याल तरच प्रवेश देऊ, असं आता बरेच जण सांगतात. म्हणजे फी तुमची, वर माणसाचा पगारही तुमचा. तो माणूस कोण ठरवणार, सुट्टीवर गेला तर मूल त्या दिवशी शाळेत येणार की नाही, हे लिहून घ्या. "आमच्याकडं स्पेशल एज्युकेटर आहेत" असं म्हणाले तर त्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक विचारा. खरी शिकलेली व्यक्ती लगेच सांगते, रागावत नाही.

नकार कसा येतो तेही ओळखून असा, म्हणजे प्रत्येक वेळी घरी येऊन रडायला नको. "सध्या सीट फुल्ल आहेत." "आमच्याकडं ट्रेन्ड स्टाफ नाही, तुमच्याच मुलाचं नुकसान होईल." "बोलायला लागला की पुढच्या वर्षी आणा." एका ठिकाणी काउंटरवर आमच्या मुलाला तीनदा विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" तो टाइलवर पडलेल्या पंख्याच्या सावलीमागं बोट फिरवत होता. मॅडमनी फॉर्म परत माझ्याकडं सरकवला. तेव्हा मला फार लागलं. आता वाटतं, दहा मिनिटांत सांगितलं ते बरंच झालं. मला महागात पडली ती फी घेऊन तीन महिन्यांनी "घरीच ठेवा" म्हणणारी दुसरी जागा.

म्हणून निदान लपवून प्रवेश घेऊ नका. आठवड्यात कळतंच, आणि मग बाईंचा राग लेकरावर निघतो.

कायदा कुठवर येतो

2016 चा कायदा सांगतो की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्याला लागणाऱ्या वाजवी सोयी कराव्यात. आता मेख बघा. बंगल्याच्या खालच्या मजल्यावर चालणाऱ्या सुट्या प्लेग्रुपकडं शाळेची मान्यता असेलच असं नाही, त्यामुळं तिथं हे कलम पुढं करून फारसं निघत नाही. मोठ्या मान्यताप्राप्त शाळेला जोडलेली नर्सरी असेल तर ते कामाला येतं. म्हणून फी विचारण्याआधी विचारा, "तुमची मान्यता कुठवरची? पहिली इथंच आहे का?"

मोफत शिक्षणाचा हक्क 2009 च्या आरटीई कायद्यात 6 ते 14 वयासाठी आहे. दिव्यांग मुलासाठी 2016 चा कायदा तो 18 वर्षांपर्यंत नेतो. पण खासगी शाळेतल्या 25 टक्के राखीव जागा, त्या शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर, तिथल्या प्रवेशालाही लागतात. महाराष्ट्रात दिव्यांग मूल वंचित गटात धरलं जातं. त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज ऑनलाइन, मग सोडत, आणि घरापासूनचं अंतर महत्त्वाचं. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यानं नियम बदलून सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल जुलै 2024 मध्ये रद्द केला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून आरटीईच्या बाहेर आहेत, त्यामुळं यादीत आवडती शाळा दिसली नाही तर हेही कारण असू शकतं. अर्जाच्या तारखा दरवर्षी हलतात. डिसेंबरपासूनच कान उघडे ठेवा.

मान्यताप्राप्त शाळेनं लेखी नकार दिला किंवा द्यायचं टाळलं, तर आधी शिक्षणाधिकारी, मग पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. तोंडी भांडण्यात दम घालवू नका. अर्जाची पोच घ्या.

एक तास बसून बघणं

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. फोनवर, माहितीपत्रकात, ओळखीच्यांच्या सांगण्यात काही कळत नाही. मुलाला घरी ठेवून एकदा जा, मुलाला घेऊन दुसऱ्यांदा. तासभर बसू देत नसतील तर पुढची जागा बघा.

बघायचं काय? रडणाऱ्या पोराला काय करतात ते. कुठल्याही पोराला, आपल्याच नव्हे. गप्प बस म्हणतात, बाहेर उभं करतात, की जवळ जाऊन खाली बसतात? एका खेळातून दुसऱ्या खेळाकडं नेताना आधी सांगतात का? न बोलणाऱ्या मुलाशी बाई बोलतात का, की त्याच्या डोक्यावरून आईशी बोलतात?

आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत मी मुलाला घेऊन गेले तो दिवस लख्ख आठवतो. बाकीची पोरं गोलात गाणं म्हणत होती. हा दारापाशी बाटल्यांची झाकणं ओळीनं मांडत बसला. मी ओशाळून त्याला उचलायला गेले. सेविकाताई म्हणाल्या, "बसू द्या की ओ वहिनी, तो ऐकतोय." गाणं संपल्यावर त्या आल्या, त्याच्यापासून हातभर लांब बसल्या, एक झाकण घेतलं आणि त्याच्या ओळीच्या शेवटी ठेवलं. त्यानं ते सरळ केलं. त्यांनी दुसरं ठेवलं. चौथ्या झाकणाला त्यानं हात पुढं केला. दे, अशा अर्थानं. या ताईंनी ऑटिझमचं प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. दुपारी घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, जागा मिळाली.

दुसरीकडं डिप्लोमाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्या एका मॅडम आमच्या मुलाची हनुवटी धरून म्हणत होत्या, "लुक ॲट मी." पुन्हा पुन्हा. तो डोळे मिटून घेत होता.

गॅदरिंगचंही याच वेळी विचारा. डिसेंबर-जानेवारीत महिनाभर डान्सची प्रॅक्टिस, डीजे, चमकीचे कपडे. त्याच सुमाराला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, गावभर गर्दी आणि भोंगे. आपल्या मुलांना हा काळ जड जातो. "प्रॅक्टिसच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत बसवाल का?" याचं उत्तर आधीच घेतलेलं बरं.

घरात एक भाषा, शाळेत दुसरी

हे खास आपल्या गावाचं. शेजारच्या पद्मशाली घरातल्या लेकराचंही निदान ऑटिझमचंच. आजी त्याला नीळ्ळू म्हणते, वडील पाणी म्हणतात, नर्सरीत वॉटर. त्याला एक पेला मागायला तीन शब्द शिकायचे. काही जण सांगतात, घरची भाषा बंद करा, एकच ठेवा. ऐकू नका. जास्त भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही, वाढतही नाही, आणि आजीची भाषा तोडली की आजीच तुटते. फक्त गरजेचे पाच शब्द दोन्हीकडं सारखे ठरवा. पाणी, शू, दे, बास, घरी. प्रत्येकाचं एक चित्र करा, पुठ्ठ्यावर चिकटवा, एक जोड घरी, एक शाळेत. अंगणवाडीत माध्यम बहुधा गल्लीचंच असतं, त्यामुळं हे सोपं जातं. इंग्रजी नर्सरीत बाईंना हे पाच शब्द मराठीत किंवा तेलुगूत वापरायला सांगा. "आमची पॉलिसी इंग्लिश ओन्ली" म्हणाले तर मी उठून आले असते.

पैशाची मांडणी

वहीत दोन रकाने करा. एकात नर्सरीचं सगळं: प्रवेश, फी, गणवेश, ॲक्टिव्हिटी, रिक्षा, गॅदरिंगचा ड्रेस. दुसऱ्यात थेरपीचं: वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी), जाण्यायेण्याचा खर्च. दोन्ही परवडत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, तर माझं मत ठाम आहे. आधी थेरपी, मग शाळा. सकाळी अंगणवाडी आणि वाचलेल्या फीतून आठवड्याला दोन सत्रं, हे महागड्या नर्सरीपेक्षा तीन-चार वर्षांच्या मुलाला जास्त देतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना ऑटिझमला लागू आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेत त्यात बसतो. पावत्या सांभाळून ठेवा.

आणि रिक्षा. दहा पोरांच्या रिक्षात कोंबून पाठवलेलं मूल शाळेत पोचेपर्यंतच थकलेलं असतं. जुळे सोलापूरहून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला नेण्याआधी जवळची साधी जागा दोनदा बघा.

पहिला महिना, आणि दिवाळी

पहिल्या दिवशी वीस मिनिटं. त्यातली दहा तुम्ही तिथंच. रोज थोडं वाढवा. बसायची जागा एकच ठेवा, भिंतीकडची, दारापासून लांब. निघताना मागच्या मागं सटकू नका. रोज तेच वाक्य म्हणा, "आई खिचडीनंतर येते," आणि खिचडीनंतर याच.

पहिले दोन-तीन आठवडे रडणं होणारच. त्यानंतरही झोप उडाली, शिकलेली शू परत अंथरुणात व्हायला लागली, स्वतःला चावायला लागला, शाळेचा रस्ता वळला की अंग ताठ करायला लागला, तर थांबा. आपली मुलं घरी येऊन सांगत नाहीत, बाईंनी मारलं म्हणून. अंग बघा. मधेच अकरा वाजता न सांगता जाऊन या. दार उघडायला वेळ लागला तर का लागला ते विचारा.

बदलायचं असेल तर दिवाळीची सुट्टी बरी पडते. तोवर चार महिने झालेले असतात आणि मुलालाही एक शाळा संपली, दुसरी सुरू झाली असं दाखवता येतं. सुट्टीतच नव्या जागेचे फोटो काढून आणा. दार, बाईंचा चेहरा, बसायची जागा, संडास. रोज झोपताना दाखवा. आम्ही मोठ्या गटासाठी त्याला एका छोट्या खासगी शाळेत नेलं, अठरा मुलांच्या वर्गात. तिथल्या बाईंनी पहिल्या भेटीत विचारलं, याला आत्तापर्यंत कोणाकडं बसायला आवडायचं? मी अंगणवाडीच्या ताईंचा नंबर दिला. त्या दोघी अर्धा तास फोनवर बोलल्या, आणि पहिल्या दिवशी वर्गाच्या कोपऱ्यात एक डबाभर झाकणं ठेवलेली होती.